बाराव्या राईडचे शेवटचे नऊ किलोमीटर

पन्नाशी उलटली की पेणच्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे सकाळी तळ्याभोवती चार फेऱ्या मारायच्या आणि मग कट्ट्यावर बसून सरकारला सल्ले द्यायचे. दुसरी म्हणजे सायकल घ्यायची. मी दुसरी धरली, कारण कट्ट्यावर जागा नव्हती.

मी पेणच्या एका हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवतो. मुलांकडून सह्याद्रीचे सगळे घाट पाठ करून घेतले, स्वतः मात्र एकही एसटीतून खाली उतरून पाहिला नाही. ही टोचणी म्हणा किंवा पुढे आलेलं पोट म्हणा, मागच्या वर्षी मी गिअरची सायकल घेतली आणि ‘पेण पेडल परिवार’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरलो. ग्रुपचे सर्वेसर्वा डॉ. सबनीस हे दातांचे डॉक्टर. लोकांचे दात काढून कंटाळल्यावर त्यांना लोकांचा घाम काढायची कल्पना सुचली: ‘बारा महिने, बारा शतकं’. ऑगस्ट ते जुलै, दर महिन्याला एकदा, एकाच दिवसात शंभर किलोमीटर. पुरावा म्हणून मोबाइलमधलं अ‍ॅप.

नियमावली अर्थातच माझ्याकडे आली. कुठल्याही मंडळात एखादा मास्तर सापडला की लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडतं आणि तोही ते आनंदाने गळ्यात घालून घेतो. मी अकरा नियम लिहिले. त्यातला तिसरा असा: शंभरच्या शंभर किलोमीटर राईडरचे पाय पेडलवर हवेत. पाचवा असा: सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ; अंधारातले किलोमीटर धरले जाणार नाहीत. हा पाचवा नियम आमचे एक सभासद वडखळजवळच्या खड्ड्यात रात्री दिसेनासे झाले, त्यानंतर घालावा लागला.

तिसऱ्या नियमाचा बळी जानेवारीत गेला. बँकेतून निवृत्त झालेले देवधर पायात गोळा आला म्हणून चार किलोमीटर टेम्पोतून आले. शेवटी भरपाई म्हणून साडेचार किलोमीटर जास्त चालवले, पण अ‍ॅपच्या आलेखात मध्येच त्यांचा वेग ताशी बावन्न दिसत होता. बासष्ट वर्षांचा माणूस चढावर ताशी बावन्न जात नाही. मी ग्रुपवर ‘नियम तीन’ एवढंच लिहिलं आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. देवधर बाद झाले. त्यांनी ग्रुप सोडला नाही, ते फक्त गप्प झाले आणि माझ्या प्रत्येक राईडचा नकाशा उघडून बघू लागले.

चौदा जणांनी सुरुवात केली होती, जुलै उजाडला तेव्हा तिघे उरलो: डॉक्टर, नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्ट करणारा एक तरुण आणि मी. त्या दोघांचं बारावं शतक पहिल्याच आठवड्यात झालं. माझे पहिले चार रविवार पावसाने, तापाने, मेहुण्याने आणि पुन्हा पावसाने खाल्ले. मग उरला महिन्याचा शेवटचा रविवार, जो नेमका महिन्याचा शेवटचा दिवसही होता. डॉक्टरांनी तिघांच्या फोटोंचा फ्लेक्स आधीच छापून घेतला होता. त्यात मी हेल्मेट घालून हसतोय आणि खाली ‘पेणचे लोहपुरुष’ असं लिहिलंय. फ्लेक्स बघून नीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “लोहपुरुष शंभर किलोमीटर फिरून येतात, पण येताना कोथिंबिरीची जुडी आणवत नाही त्यांना.”

पेण

सव्वासहाला निघालो. जुलैत पेणमध्ये माणसांपेक्षा गणपती जास्त असतात. कारखान्यांतले दिवे रात्रभर जळत असतात, शेडमध्ये जागा पुरत नाही म्हणून मूर्ती ओट्यांवर, अंगणात, प्लास्टिकखाली ओळीने बसलेल्या. रंग न लागलेले ते शेकडो पांढरे गणपती पहाटेच्या उजेडात बघितले की आपण शाळेच्या प्रार्थनेला उशिरा पोचलोय असं उगाच वाटतं.

एका कारखान्याच्या दारात दात घासणारा कारागीर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने मला वर्षभरात अकरा वेळा असंच जाताना पाहिलं होतं. आज त्याच्याने राहवलं नाही.

“सर, काय हरवलंय काय? दर महिन्याला शोधायला जाताव.”

मी त्याला उपक्रम समजावून सांगितला. आरोग्य, निसर्ग, आत्मशोध. त्याने चूळ भरली आणि म्हणाला, “हाय, हाय. आमच्याकडं पन मूर्ती सुकत नाय तवा असंच वाटतं.”

याचा अर्थ मला वडखळपर्यंत लागला नाही. पुढे महामार्ग सुरू झाला आणि अर्थ लावण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. या रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा जी मुलं माझ्या वर्गात पाचवीत होती, ती आता आपल्या मुलांना शाळेत घालायला येतात आणि वाटेतल्या त्याच वळणाला गाडी आपटून येतात. खड्ड्यांना स्थानिक लोकांनी नावं ठेवलेली नाहीत, एवढीच काय ती त्यांची उपेक्षा.

नागोठणे

अंबा नदीचं पाणी चढलेलं होतं, गढूळ आणि घाईत. नागोठण्याची माणसं पावसाळ्यात नदीकडे बघतात ती सासुरवाडीच्या माणसांकडे बघावं तशी: चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, पण नजर काढायची नाही. मी पुलावर फोटो काढायला थांबलो आणि मागचं चाक बसलं.

पंक्चरवाल्या सलीमभाईंनी सायकल आधी एका हाताने उचलून पाहिली, मग किंमत विचारली. मी खरी सांगितली नाही. बायकोलाही खरी सांगितलेली नाही, तर सलीमभाईंना कशी सांगणार. मी सांगितलेल्या अर्ध्या आकड्यावरच त्यांनी कपाळाला हात लावला.

“यात सेकंडहँड बाईक आली असती, साहेब. रोह्याला काम काय आहे?”

“काम नाही. जाऊन परत यायचं.”

“म्हंजे कुनाला भेटायचं?”

“भेटणार आहे आतेला, पण त्यासाठी चाललो नाही.”

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले. बराच वेळ शोधले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या कंपनीवाल्यांना पन असंच होतं, नाइट शिफ्ट जास्त झाल्या की.”

पेणला माणूस तुम्हाला तोंडावर वेडा म्हणतो, नागोठण्याला सहानुभूती दाखवतो. मला पेणची पद्धत सोयीची वाटते.

रोहा

भिसे खिंडीत ढग रस्त्यावर उतरले होते. चढावर दम लागला, पण शेजारच्या कड्यावरून पाण्याच्या एवढ्या धारा पडत होत्या की थांबण्याला निसर्गप्रेम हे सभ्य कारण मिळालं. मी चार वेळा निसर्गप्रेमी झालो. उतारावर मात्र गार वारा, दोन्ही बाजूंना लावणी झालेली पोपटी शेतं आणि खाली रोहा. वर्षभराच्या सगळ्या सायकलस्वारीत जे सुख म्हणून मिळालं, ते या पाच-सात मिनिटांच्या उतारात मिळालं. ते फुकट नव्हतं, पण महागही वाटलं नाही.

माझी आते कुंडलिकेच्या काठाजवळ राहते. ऐंशी पार केली आहे, एकटी राहते आणि दात स्वतःचे आहेत. दारात घामाने निथळणारा भाचा बघून तिने पहिला प्रश्न विचारला, “का रे, एसट्या बंद झाल्या की काय?”

पेणला पाहुण्याला जेवणार का असं विचारतात. रोह्याला किती भाकऱ्या टाकू असं विचारतात. श्रावण लागून दोन दिवस झाले होते, त्यामुळे मासळी नाही याबद्दल आतेने तीन वेळा माफी मागितली. मग वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, तांदळाची भाकरी आणि वर भात असं एकामागून एक वाढलं. सायकलच्या पुस्तकात लिहिलं असतं की राईडच्या मध्ये अर्धं केळं खावं. ज्यांनी ती पुस्तकं लिहिली त्यांना रोह्याला आते नसावी.

“बक्षीस काय आहे?” तिने विचारलं.

“पदक.”

“सोन्याचं?”

“पितळेचं दिसतंय.”

“मग आपली माळ्यावरची घागर घेऊन जा की. ती पण पितळेचीच आहे, आणि पाय तरी शाबूत राहतील.”

माझ्यासाठी हे पदक का महत्त्वाचं आहे ते तिला सांगावं असं मनात आलं. शाळेत मी ‘नकाशावरचे सर’ म्हणून ओळखला जातो. घरात काही सुरू करून अर्धवट टाकणारा म्हणून ओळखला जातो; पेटी, योगासनं, मोडी लिपी आणि गच्चीवरची भाजी यांची थडगी घरात जागोजागी आहेत. आयुष्यात एकदा तरी काहीतरी बाराच्या बारा पूर्ण करावं असं मला फार वाटत होतं. पण तोंडात बिरडं होतं आणि आते पुढची भाकरी घेऊन उभी होती, त्यामुळे ते राहिलं.

साडेअकराला निघालो. समोरून वारा आणि आतून वाल, असा परतीचा प्रवास झाला. त्याचं वर्णन करत नाही.

परत पेण

सव्वादोनला पेणच्या नाक्यावर आलो तेव्हा अ‍ॅपवर ब्याऐंशी किलोमीटर दिसत होते. उरलेल्या अठरांसाठी मी खाडीकडचा रस्ता धरायचं ठरवलं होतं: नऊ जायचे, नऊ यायचे. सपाट रस्ता, वाहनं नाहीत, दोन्हीकडे खाडीला बांध घालून केलेली हिरवीगार खारातली शेतं. समाप्तीचा फोटो छान येईल हाही हेतू होताच. निघण्यापूर्वी मी पावसाचा अंदाज बघितला होता, वाऱ्याची दिशा बघितली होती, ढगांचा नकाशासुद्धा बघितला होता.

चहा पिताना फोन बघितला. काशीनाथचे तीन मिस्ड कॉल होते.

काशीनाथ आमचं शेत करतो. आजोबांच्या काळी त्याच्या खाडीकाठच्या गावात आमची बरीच जमीन होती. ती वाटण्यांत, कुळकायद्यात आणि लग्नकार्यांत गेली; आता दीड एकर खार उरलंय, काशीनाथच्या स्वतःच्या दोन एकरांना लागून. दरवर्षी तो भाताच्या गोण्या आणून टाकतो आणि आम्ही आपल्या शेतातला तांदूळ म्हणून पाहुण्यांना कौतुकाने वाढतो. शेत कुठल्या बाजूला आहे हे मला विचारलं असतं तर मी पश्चिमेकडे असं सांगितलं असतं. तांदळाचंच काहीतरी असेल, उद्या बघू, म्हणून मी फोन पुन्हा हँडलवरच्या पाकिटात अडकवला आणि निघालो.

बांध

गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे माझी जी शोभा झाली ती त्यांच्यापुरती राहावी. एक्क्याण्णव किलोमीटर पूर्ण झाले त्याच जागी रस्ता संपतो आणि खाडीचा बांध सुरू होतो. सायकल वळवणार तेवढ्यात दिसलं की बांधावर सगळं गाव उभं आहे.

अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. उधाणाची भरती दुपारी दीड-दोनला येते, अमावस्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत सर्वांत मोठी असते, आणि हे मी गेली अठ्ठावीस वर्षं फळ्यावर पृथ्वी-चंद्र-सूर्य एका रेषेत काढून शिकवतो आहे. परीक्षेत चार गुणांना विचारतो. पण भरतीचं वेळापत्रक बघावं हे मला सुचलं नव्हतं. त्या उधाणाने बांध फोडला होता. दहा-बारा हात रुंद खांड पडली होती आणि ओहोटी लागली तरी आत शिरलेलं खारं पाणी शेतांतून चमकत होतं.

काशीनाथ कमरेपर्यंत चिखलात होता. मला बघून तो थबकला.

“सर, आलात? आमाला वाटलं, वडापाव येतील.”

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. या बांधाची राखण करणाऱ्या घरांचा गट असतो, त्याला जोळ म्हणतात. खांड पडली की जोळातल्या प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा आणि खांड सांधेपर्यंत त्याने बांध सोडायचा नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. दीड एकराचे धनी म्हणून आमचं घरही जोळात आहे. पण आम्ही नोकरदार माणसं. खांड पडली की आमच्या घरून माणसाच्या ऐवजी वडापावचं खोकं जायचं, चटणी वेगळी बांधून. त्याआधी आजोबा स्वतः यायचे म्हणे, ते छत्री धरून उभे राहायचे.

“काशीनाथ, मला सूर्यास्ताच्या आत पेणला पोचायचंय,” मी म्हणालो. “नऊच किलोमीटर राहिलेत.”

“कोन आजारी हाय काय?”

“नाही. राईड आहे.”

त्याने खांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तो हसला असता तर बरं झालं असतं.

“लावनी होऊन आठ दिस झालं,” तो म्हणाला. “रातची भरती दोनला हाय. तवर नाय सांधलं तर सगलं खारं होईल, मंग तीन वर्सं काय पिकायचं नाय. माझं दोन एकर, तुमचं दीड. बाकीच्यांचं वेगलं.” मग जरा थांबून म्हणाला, “जावा तुमी. राईड हाय तर जावा.”

जा म्हटल्यावर जाणं फार अवघड असतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या ‘तुमचं दीड’ने माझ्यातला जमीनदार जागा झाला. मी हिशेब केला: साडेतीन वाजलेत, सूर्यास्त सव्वासातला, नऊ किलोमीटरना अर्धा तास. म्हणजे साडेसहापर्यंत परोपकार करायला हरकत नाही. हेल्मेट काढून ठेवलं आणि सायकलचे खास बूट घालूनच खाली उतरलो. डावा बूट पहिल्या पावलाला गेला, उजवा चौथ्या. ते अजून त्या बांधात आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे चांगलं काम करत आहेत.

वर बायकांची ओळ डोक्यावरून मातीच्या गोण्या आणत होती. ओळीची सूत्रं काशीनाथच्या बायकोकडे, यमुनाबायकडे होती. माझी जाड अस्तराची सायकलची चड्डी मागून दिसताच ती मागच्या बाईला म्हणाली, “बघ गो, मास्तरांनी बसायची गादी संगतीच आनलीय.” सगळी ओळ हसली. गोण्या मात्र एकीच्याही डोक्यावरून हलल्या नाहीत.

मातीचा ढीग खांडीपासून दीडशे मीटरवर होता आणि बांधाचा माथा इतका अरुंद की टेम्पो काय, बैलगाडीसुद्धा जाणार नाही. थोड्या वेळाने यमुनाबाय माझ्या सायकलजवळ उभी राहिली.

“सर, ही रिकामीच हाय काय?”

“म्हणजे?”

“मिठागरावर आमी मिठाच्या गोन्या सायकलवरच ओढायचू. एक बसक्यावर, एक मदल्या दांड्यावर. चालवायची नाय, ढकलायची.”

ज्या सायकलवर मी नीलाला पाण्याची बाटलीसुद्धा अडकवू दिली नव्हती, तिच्यावर बघता बघता चिखलाच्या दोन गोण्या चढल्या. यमुनाबायने ती ढकलून बघितली आणि तिचा चेहरा उजळला. “हलकी हाय गो! पोरीसारखी चालते!” गेल्या वर्षी बांधाच्या माथ्यावर मुरूम टाकलेला होता, त्यामुळे चाकं रुतली नाहीत. सायकल भरून आली, रिकामी गेली, पुन्हा भरून आली.

मी खाली होतो. खांड सांधायची पद्धत अशी की आधी दोन ओळींत लाकडी खुंट ठोकायचे, मध्ये पेंढ्याचे भारे दाबायचे, त्यावर गोण्या आणि वरून ओला चिखल पायाने तुडवायचा. माझ्याकडे तुडवण्याचं काम आलं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं असं काशीनाथचं मत होतं. मी त्यातही चुकलो. कडेला तुडवायचं, मध्ये नाही, हे त्याने मला दोनदा दाखवलं.

पाचच्या सुमारास पलीकडचे चार खुंट एकदम उन्मळले. आत अडकलेलं पाणी ओहोटीबरोबर बाहेर धावत होतं, ते वाट फोडून निघालं आणि तासाभराचं काम डोळ्यांदेखत वाहून गेलं. काशीनाथ नुसता त्या पाण्याकडे बघत राहिला. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. मग त्याने खाली वाकून एक खुंट उचलला आणि पुन्हा त्याच जागी धरला. मी दुसरा धरला. त्यानंतर साडेसहा कधी वाजले ते मला कळलं नाही.

कळलं ते शेवटची गोणी बसल्यावर. काशीनाथ सांधलेल्या जागेवर उभा राहून नाचल्यासारखा तुडवत होता आणि मी हसत वर बघितलं, तर खाडीपलीकडचा उजेड गेलेला. सव्वासात होऊन गेले होते. मला वाईट वाटलं. खोटं सांगत नाही, रडू येण्याइतकं वाईट वाटलं. एवढं मोठं काम समोर झालं होतं, आणि मी एका पितळेच्या पदकासाठी तोंड फिरवून उभा होतो.

तेवढ्यात यमुनाबाय सायकल घेऊन आली. “सर, ही कवाधरनं बोलतेय.”

हँडलवरच्या पाकिटात अडकवलेला फोन, पॉवर बँकेला जोडलेला, विसरलेला. पडद्यावर रंगीत कागदांची बरसात चालली होती. शंभर किलोमीटर, तीनशे मीटर. वेळ: सहा छप्पन्न. अभिनंदन! तुमचं बारावं शतक पूर्ण झालं.

दीडशे मीटर जाऊन दीडशे मीटर यायचं, अशा एकतीस फेऱ्या. माझे राहिलेले नऊ किलोमीटर यमुनाबायने चिखलासकट ढकलून पूर्ण केले होते, तेही सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी.

घरी अनवाणी पायांनी पेडल मारत आलो. तोवर अ‍ॅपने आपल्या आपण ग्रुपवर बातमी टाकलेली. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा ‘लोहपुरुष!!’ लिहिलं होतं, शाळेतल्या चौघांनी फुलांचे गुच्छ, कुणीतरी माझ्याच फ्लेक्सचा फोटो. देवधर गप्प होते. नकाशावर खाडीकाठी एकाच जागी रेघांचा काळा गोळा झाला होता आणि तो त्यांनी बघितला असणार.

मी आंघोळ केली नाही, आधी लिहायला बसलो. काय घडलं ते सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं: माझे एक्क्याण्णव, बाकीचे यमुनाबायचे. नियम तीन.

मग जे सुरू झालं त्याला ग्रुपच्या इतिहासात तोड नाही. काही जण म्हणाले, सायकल चालली ना, मग झालं. डॉक्टर म्हणाले, फ्लेक्स छापून झालाय, त्याचा विचार करा. कंपनीवाला तरुण म्हणाला, समाजकार्याची विशेष श्रेणी काढू. रात्री नऊला देवधरांनी सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य लिहिलं: “सरांचं धरायचं असेल तर माझा टेम्पो पण धरा.” त्यांचं बरोबर होतं. मी ‘धरू नये’ असं लिहून फोन बाजूला ठेवला. नीलाने माझ्या पायांकडे बघितलं आणि गरम पाणी आणलं. बारातले अकराच झाले, मी म्हणालो. तिने ऐकलं, पण पेटीचं, योगासनांचं काही काढलं नाही.

सकाळी सहाला उठलो तेव्हा ग्रुपवर एकशे चौदा संदेश होते. ते उघडले नाहीत. आधी काशीनाथला फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

“सर?” त्याचा आवाज आला. “भरती येऊन गेली. बांध हाय.”

मी खुर्ची ओढून बसलो.

“ऐकताव ना? भात वाचलं. जरासं खचलंय एका बाजूला, ते आज दुपारच्या उधाणाआधी बांधाया लागंल. पन बांध हाय.”

‘ऐकतोय’ म्हणालो, फोन नीलाच्या हातात दिला आणि शाळेसाठी रजेचा अर्ज लिहायला कागद शोधू लागलो. मागे ती काशीनाथला विचारत होती, आज आमच्या घरची दोन माणसं आली तर चालतील का.